वाळूमाशी, कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा आणि गोठ्याची भिंत

#धागा #इतिहास #रोगांचा_इतिहास

१/
वायव्य इराणमधील १८ गावे. त्यांच्या ९ जोड्या लावल्या गेल्या. प्रत्येक जोडीतील एका गावात सर्व पाळीव कुत्र्यांच्या गळ्यात कीटकनाशक भरलेला प्लास्टिकचा पट्टा बांधला. दुसऱ्या गावात बांधला नाही. वर्षभराने कुत्र्यांचे रक्त तपासले गेले, आणि मुलांचेही. कुत्र्याच्या गळ्यातील पट्ट्यामुळे घरातले मूल आजारापासून वाचते का, हे त्यातून पाहायचे होते. उत्तराकडे येऊच, पण हा प्रश्न विचारण्याइतके शहाणपण येण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. आजचा धागा त्या शंभर वर्षांचा.

२/
प्रथम शत्रूची ओळख. वाळूमाशी म्हणजेच सँडफ्लाय. लांबी जेमतेम २ ते ३ मिलिमीटर, अंगावर लव, बसलेली असताना पंख इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे उभे. ती डासाप्रमाणे गुणगुणत नाही, फार दूर उडतही नाही. छोट्या छोट्या उड्या घेत सरकते. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून ती सहज आत शिरते. रक्त केवळ मादी पिते, आणि तेही बहुधा सांजवेळेपासून पहाटेपर्यंत.

३/
डासांच्या अळ्या साचलेल्या पाण्यात सापडतात. वाळूमाशीच्या अळ्या मात्र ओलसर मातीत, शेणकुजीत, भिंतींच्या भेगांत वाढतात आणि डोळ्यांना सहसा दिसतच नाहीत. डबके बुजवले, तेल ओतले, गप्पी मासे सोडले, हे डासांवरचे उपाय येथे निरुपयोगी ठरतात. अळ्यांवर हल्ला करणे अवघड असल्याने सगळी लढाई प्रौढ माशीशीच लढावी लागते: ती जेथे बसते तेथे, किंवा ती ज्याला चावते त्याच्या अंगावर.

४/
या माशीमुळे होणारा सर्वांत कुप्रसिद्ध रोग म्हणजे काळा आजार. दीर्घकाळ ताप, सुजलेली प्लीहा, खंगत जाणारे शरीर आणि उपचार न मिळाल्यास बहुतेक वेळा मृत्यू. १९ व्या शतकात बंगाल आणि आसाममध्ये त्याने गावेच्या गावे ओस पाडली. १९०० साली कोलकात्याजवळच्या डमडम येथे तैनात असलेला एक सैनिक इंग्लंडमध्ये मरण पावला. त्याच्या प्लीहेत विल्यम लीशमन यांना सूक्ष्म ठिपके दिसले. १९०३ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हन यांनाही तेच आढळले. परजीवीला नाव मिळाले ‘लीशमॅनिया डोनोव्हनी’.

५/
आता कथेत कुत्रा प्रवेश करतो. १९०८ मध्ये ट्युनिसमध्ये चार्ल्स निकोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कुत्र्यांच्या शरीरात लीशमॅनिया सापडला. भूमध्य समुद्राच्या काठी लहान मुलांना होणारा असाच एक रोग त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. मुलाला होणाऱ्या रोगाचा साठा दारातल्या कुत्र्यात असू शकतो, ही कल्पना तेव्हापासून रुजली. पण कुत्र्यातून मुलापर्यंत परजीवीला पोहोचवत कोण होते?

६/
या प्रश्नावर दोन दशके गेली. भारतात प्रथम संशय ढेकणावर होता. १९२१ मध्ये अल्जीरियात सेर्जां बंधू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिस्क्रा येथील वाळूमाश्या चिरडून त्वचेवर चोळल्या आणि लीशमॅनियाचा व्रण निर्माण करून दाखवला. १९२४ मध्ये कोलकात्यात नोल्स, नेपियर आणि स्मिथ यांना ‘फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस’ या वाळूमाशीच्या पोटात काळ्या आजाराचा परजीवी वाढताना दिसला.

७/
त्याच सुमारास जॉन सिंटन यांनी लक्षात आणून दिले की काळ्या आजाराचा नकाशा आणि या माशीचा नकाशा एकमेकांवर ठेवले तर जुळतात. (हे तेच सिंटन, ज्यांना १९१६ मध्ये मेसोपोटेमियाच्या आघाडीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. पुढे ते रॉयल सोसायटीचे फेलोही झाले. हे दोन्ही मान मिळालेले ते एकमेव गृहस्थ.) अखेरचा पुरावा १९४२ मध्ये आला: स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी स्वयंसेवकांना संसर्गित माश्या चावू देऊन रोगाचा प्रसार सिद्ध केला. माश्या जगाव्यात म्हणून त्यांना मनुके खाऊ घालण्याची युक्ती या यशामागे होती!

८/
येथे एक भेद मनात पक्का करून ठेवा, कारण पुढचा सारा इतिहास त्यावर उभा आहे.

भूमध्य प्रदेश, इराण, ब्राझील: परजीवीचा साठा कुत्र्यात. माशी कुत्र्याकडून परजीवी घेते आणि माणसाला देते.

भारत, नेपाळ, बांगलादेश: काळ्या आजाराचा साठा माणसातच. माशी गायीम्हशींचे रक्त आवडीने पिते, पण गुरे या परजीवीचा साठा होत नाहीत. गुरे माशीला पोसतात, एवढेच.

९/
रासायनिक कीटकनाशकांपूर्वी जनावरांच्या रक्षणासाठी काय होते? आपल्याकडचे उत्तर प्रत्येक शेतकरी घरात ठाऊक आहे: संध्याकाळी गोठ्यात धुरी, त्यात कडुलिंबाचा पाला, अंगाला तेल. ही केवळ समजूत म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. १९९३ मध्ये शर्मा आणि धिमन या भारतीय संशोधकांनी खोबरेल किंवा मोहरीच्या तेलात २ टक्के कडुलिंब तेल मिसळून माणसांवर चाचणी घेतली, तेव्हा अर्जेंटिपेस माशीपासून रात्रभर संरक्षण मिळाले. मर्यादा इतकीच की दुसऱ्या संध्याकाळी तेल पुन्हा लावावे लागते. धुराचेही तसेच, विझला की संपला.

१०/
मग डीडीटी आले. पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये त्याचा कीटकनाशक गुण ओळखला आणि १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. डीडीटीचे खरे वैशिष्ट्य टिकाऊपणात होते: एकदा भिंतीवर फवारले की कित्येक महिने त्या भिंतीवर बसणारा कीटक मरत असे. रक्त पिऊन जड झालेली वाळूमाशी जवळच्या भिंतीवर विसावते. डीडीटीने तिला तिच्या विश्रांतीच्या जागी गाठले.

११/
भारतात ही फवारणी वाळूमाशीसाठी नव्हतीच! १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये तो निर्मूलन कार्यक्रम झाला, आणि घराघरांच्या भिंतींवर डीडीटी बसले ते डासांकरिता. परंतु डासांबरोबर वाळूमाशीही नाहीशी झाली आणि १९६० च्या दशकात काळा आजार जवळपास विस्मरणात गेला. एका रोगावरच्या मोहिमेने दुसरा रोग नकळत आवरला होता.

१२/
नकळत मिळालेला विजय नकळतच निसटला. हिवतापाची फवारणी थांबली, माशी परतली, आणि १९७७ मध्ये उत्तर बिहारमध्ये काळ्या आजाराची मोठी साथ उसळली. पुन्हा डीडीटीचे पंप बाहेर निघाले. मात्र १९७० च्या दशकाच्या अखेरीस बिहारमधीलच पापाटासी या वाळूमाशीत डीडीटीविरुद्ध प्रतिकारक्षमता आढळली, पुढे अर्जेंटिपेसमध्येही. तरी डीडीटी चालूच राहिले. भारताने काळ्या आजारासाठी त्याऐवजी कृत्रिम पायरेथ्रॉइड स्वीकारले ते २०१५ च्या सुमारास.

१३/
या फवारणीत जनावराचे स्थान काय होते? नियम असा की घराबरोबर गोठाही फवारायचा, जमिनीपासून ६ फुटांपर्यंत. विचार योग्य होता. पण गोठा म्हणजे कुडाच्या भिंती, शेणाचे सारवण, वरचेवर होणारे लिंपण. फवारलेल्या भिंतीवर नवे सारवण पडले की औषध त्याखाली गाडले जाते. शिवाय जो गोठा उघडा, त्याला भिंतच नाही. माशी आणि गाय दोन्ही तिथेच, औषधाला मात्र जागा नाही.

१४/
आता अटलांटिकपलीकडे चला. ब्राझीलमध्ये १९३४ मध्ये एनरिके पेना पीतज्वराच्या शोधासाठी जमवलेले मृतांच्या यकृताचे नमुने तपासत होते. पीतज्वर शोधता शोधता त्यांना ४१ नमुन्यांत लीशमॅनिया सापडला. दोन वर्षांनी एव्हांद्रो शागास यांना पहिला जिवंत रुग्ण आढळला. १९५० च्या दशकात सिआरा प्रांतात साथ आली, आणि कुत्रा हाच साठा असल्याचे स्पष्ट होत गेले.

१५/
निष्कर्ष शास्त्रीय होता, उपाय मात्र भयंकर. १९६३ च्या शासकीय आदेशाने संसर्गित कुत्र्यांना ठार मारणे हा अधिकृत धोरणाचा भाग झाला. पुढील दशकांत तपासणी पथके घरी येत, कुत्र्याचे रक्त नेत, आणि तपासणीचा निकाल होकारार्थी आला की कुत्रा घेऊन जात. ज्या मुलाच्या रक्षणासाठी हे चालले होते, तेच मूल दारात उभे राहून आपला कुत्रा जाताना पाहत असणार. सरकारी तक्त्यांत या दृश्यासाठी रकाना नसतो.

१६/
बरे, एवढे करून रोग थांबला का? अभ्यास परस्परविरोधी निघाले: कोठे थोडा परिणाम दिसला, कोठे काहीच नाही. कारणे समजण्यासारखी आहेत. रक्त घेणे आणि कुत्रा नेणे यांत दिवस जात. तेवढ्यात माशी चावतच असे. चाचणीतून काही संसर्गित कुत्रे सुटत. आणि रिकाम्या अंगणात लोक नवे पिल्लू आणत, म्हणजे माशीसाठी नवा, रोगाला सहज बळी पडणारा यजमान. कुत्रा मारला तरी माशी जागच्या जागीच.

१७/
दरम्यान रसायनशास्त्रात एक फूल उमलत होते. पायरेथ्रम म्हणजे शेवंतीच्या कुळातील फुलाची कीटकनाशक भुकटी, पूर्वीपासून परिचित. पण उन्हात ती लवकर निकामी होते. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे मायकेल एलियट यांच्या चमूने तिचीच टिकाऊ कृत्रिम भावंडे घडवली: १९७३ मध्ये परमेथ्रिन, १९७४ मध्ये डेल्टामेथ्रिन. या पायरेथ्रॉइडांचा एक विशेष गुण म्हणजे कीटक मरण्यापूर्वीच अस्वस्थ होतो. पाय टेकताच दाह होतो आणि तो चावण्याआधीच उडतो किंवा खाली पडतो.

१८/
रॉबर्ट आणि मिरेय किलिक-केंड्रिक हे दांपत्य वाळूमाशीच्या अभ्यासात आयुष्य घालवलेले. १९९७ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेल्टामेथ्रिन भरलेल्या पट्ट्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. पट्टा घातलेला आणि न घातलेला कुत्रा यांना बंदिस्त जागेत वाळूमाश्यांच्या हवाली करायचे आणि किती माश्या रक्त पिऊन फुगल्या हे मोजायचे. सुमारे ९६ टक्के चावे टळले, आणि हा परिणाम ३४ आठवड्यांपर्यंत टिकला. भूमध्य प्रदेशातील माशीचा संपूर्ण हंगाम त्यात बसतो.

१९/
गळ्यातला पट्टा शेपटीपर्यंत कसा पोहोचतो? पट्ट्यातून डेल्टामेथ्रिन हळूहळू झिरपते, त्वचेवरील स्निग्ध थरात मिसळते आणि एक-दोन आठवड्यांत अंगभर पसरते. म्हणून हंगाम सुरू होण्यापूर्वीच पट्टा बांधावा लागतो. कल्पना साधी, पण इतिहासाच्या दृष्टीने मोठी: औषध भिंतीवरून उतरून जनावराच्या अंगावर आले. ज्याला चार भिंती नाहीत, त्या जनावरालाही आता संरक्षण मिळू शकत होते.

२०/
प्रयोगशाळेतून गावात जाऊ. इटलीत व्हेसुव्हियस पर्वताच्या परिसरात मारोली आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर पट्टे बांधले. १९९८ च्या हंगामात संरक्षण ५० टक्के. १९९९ मध्ये ८६ टक्के. एकाच पट्ट्याचे दोन वेगळे आकडे का? जेथे संसर्गाचा दाब अधिक, तेथे पट्ट्याची किंमत अधिक दिसते. एकाच हंगामाचा आकडा पाहिला असता तर आपण पट्ट्याला एक तर निरुपयोगी ठरवले असते किंवा रामबाण.

२१/
आणि आता सुरुवातीची ती १८ गावे. गव्हगानी, डेव्हिस आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात नव्याने संसर्ग झालेली मुले: पट्ट्याच्या गावांत १.४९ टक्के, इतर गावांत २.४१ टक्के. मुलांतील संसर्गाची शक्यता सुमारे ४३ टक्क्यांनी घटली, कुत्र्यांतील ५४ टक्क्यांनी. एकही कुत्रा न मारता. पट्टा कुत्र्याच्या गळ्यात होता आणि वाचले ते मूल.

२२/
तरीही ९६ वरून ४३ पर्यंत घसरण का, हा प्रश्न विद्यार्थ्याने विचारलाच पाहिजे. कारण ९६ टक्के हे चाव्यांचे मोजमाप आहे, ४३ टक्के हे मुलांतील संसर्गाचे. दोहोंच्या मध्ये संपूर्ण गाव उभे असते: हरवलेले पट्टे, भटकी कुत्री, रानातले कोल्हे-लांडगे, पट्टा बांधल्यानंतर जन्मलेली पिल्ले. ब्राझीलमधील अभ्यासांतही हेच दिसले: पट्टा कुत्रे मारण्यापेक्षा सरस ठरू शकतो, पण हरवलेले पट्टे वेळेवर बदलले तर. आता ब्राझीलनेही शासकीय कार्यक्रमात पट्टे स्वीकारले आहेत.

२३/
पट्ट्याखेरीज इतर मार्गही आले. मानेवर ओतायचे परमेथ्रिनचे थेंब माशीला दूर ठेवतात, पण साधारण तीन-चार आठवडेच. (घरात मांजर असल्यास सावध! कुत्र्यासाठीचे परमेथ्रिन मांजराला विषारी ठरते.) गेल्या दशकात आयसोक्साझोलिन गटाच्या गोळ्या आल्या. त्यांत माशी मरते, पण चावल्यानंतर. अशा गोळीने त्या कुत्र्याचा चावा टळत नाही. गावातील माश्या मात्र कमी होऊ शकतात. ‘परिणामकारक’ या एकाच शब्दात अशा दोन निराळ्या गोष्टी लपलेल्या असतात.

२४/
आठव्या भागातला भेद आठवतो? कुत्रा हा साठा, म्हणून त्याच्यापासून माशी दूर हाकलणे हिताचे. गाय हा साठा नव्हे. ती केवळ माशीचे ताट. गायीच्या अंगाला माशी हाकलणारे औषध लावले तर भुकेली माशी जाणार कोठे? गोठ्याशेजारी बाजेवर झोपलेल्या माणसाकडे! म्हणून गुरांच्या बाबतीत हाकलणाऱ्या औषधापेक्षा मारणारे औषध हवे. कुत्र्यासाठी जो गुण, तोच गायीसाठी दोष ठरू शकतो.

२५/
गुरांना औषध लावून माणसाचा रोग कमी होतो का? डासांच्या बाबतीत होय. पाकिस्तानातील अफगाण निर्वासितांच्या वस्त्यांत गुरांना डेल्टामेथ्रिनने पुसून काढले गेले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात घातक फॅल्सिपॅरम हिवताप ५६ टक्क्यांनी घटला. वाळूमाशीसाठी बिहारमध्ये गुरांना तोंडावाटे फिप्रोनिल देऊन पाहिले गेले: रक्त पिणारी माशी मरते, आणि शेणातून उतरलेल्या औषधाने शेणात वाढणाऱ्या अळ्याही. ज्या अळ्या एरवी हाती लागत नाहीत, त्यांच्यापर्यंत गायच औषध पोहोचवते. पण दूध, मांस आणि शेणखतात उतरणाऱ्या अंशाचा प्रश्न अशा उपायाबरोबर येतोच.

२६/
शेवटी आपल्या दाराशी. १९६५ मध्ये नागपूरजवळील चांदीपुरा गावातील तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील भट आणि रॉड्रिग्ज यांना नवा विषाणू सापडला. त्याला गावाचेच नाव मिळाले. काही वर्षांतच तो औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) भागातील वाळूमाश्यांतही आढळला. २००३ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशात त्याने ३२९ मुलांना ग्रासले, त्यांतील १८३ दगावली. त्याच वर्षी विदर्भालाही झळ बसली.

२७/
येथे हिशेब तिसऱ्याच प्रकारचा आहे. हा विषाणू वाळूमाशीच्या मादीकडून तिच्या अंड्यांत उतरू शकतो, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. म्हणजे माशी स्वतःच साठा होऊ शकते. कुत्र्याच्या पट्ट्याने हे कोडे सुटणार नाही. येथे पावसाळ्यापूर्वी गोठ्याच्या भेगा लिंपणे, शेणाचा उकिरडा घरापासून दूर नेणे, घरात-गोठ्यात वेळेवर फवारणी, आणि मुलांना अंगभर कपडे व बारीक जाळीची मच्छरदाणी, हीच साधने उरतात. दिसायला जुनाट, पण या शत्रूच्या सवयी ओळखून निवडलेली.

२८/
‘वाळूमाशीवर कोणते औषध उत्तम?’ असे कोणी विचारले, तर इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी आधी तीन प्रतिप्रश्न विचारीन. हे जनावर रोगाचा साठा आहे की माशीचे केवळ भोजन? आकडा कशाचा आहे: मेलेल्या माश्यांचा, टळलेल्या चाव्यांचा की वाचलेल्या मुलांचा? आणि हंगाम संपेपर्यंत हे काम चालू कोण ठेवणार? बिहारमध्ये तिसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाले, ब्राझीलमध्ये दुसऱ्याकडे. दोन्हीची किंमत ज्यांनी मोजली, त्यांना कोणी विचारले नव्हते.

२९/
तुमच्या गावात गोठ्यासाठी धुरी, लिंपण, कडुलिंब यांच्या ज्या रीती आहेत, त्या उत्तरांत अवश्य लिहा. आजीआजोबांना विचारून लिहिलेत तर अधिक चांगले. हिवतापाच्या फवारणीचे दिवस त्यांनी पाहिले आहेत. पंप घेऊन येणारी माणसे, भिंतीवर खडूने लिहिलेली तारीख, अंगणात काढून ठेवलेली भांडी. त्या आठवणी अजून कागदावर आलेल्या नाहीत. पुढच्या धाग्यात भेटू.